संत्र्याचा शेंडा आणि निरोगी कलम

वरूड तालुक्यात संत्र्याचा बगीचा लावणे म्हणजे एका पिढीचा व्यवहार होय. कापसाचे बियाणे फसले तर एक हंगाम जातो; संत्र्याचे कलम फसले तर ते कळण्यासच पाच-सहा वर्षे लागतात. तोवर विहिरीचे पाणी, शेणखत, मजुरी व कर्जाचे हप्ते त्या झाडाच्या बुडाशी गेलेले असतात. म्हणून कलमात रोग कोठून येतो व झाडाचा कोणता भाग निरोगी राहतो, हे बागायतदार बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे.

आपल्याकडे जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. खुंट बियांपासून होतो. ट्रिस्टेझा विषाणू व ग्रीनिंगचा जिवाणू हे मुख्यतः डोळ्यावाटे येतात. मातृवृक्ष रोगी असेल तर त्यावरून घेतलेला प्रत्येक डोळा रोगाची शिदोरी बरोबर घेऊनच निघतो. ट्रिस्टेझामुळे १९३० नंतरच्या काळात ब्राझील व अर्जेंटिना या देशांत लक्षावधी झाडे मेली.

रोगी झाडातही एक जागा मात्र बहुधा स्वच्छ राहते. ती म्हणजे वाढत्या शेंड्याचे अगदी टोक. तेथे मूलपेशी असतात. त्या सतत विभागतात. काही मूलपेशीच राहतात, तर काहींपासून पाने, फांद्या व फुले घडतात.

वनस्पतीच्या अंगात रोगाशी झुंजणाऱ्या फिरत्या पेशी नसतात. प्रत्येक पेशीला आपले रक्षण स्वतःच करावे लागते. त्यासाठी पेशीच्या आवरणावर काही प्रथिने पहाऱ्यावर असतात. त्यांना ग्राही म्हणतात. जिवाणूच्या शेपटीतील प्रथिनाचा तुकडा अशा ग्राहीस लागताच पेशी सावध होते. शेंड्यातील मूलपेशींची संख्या आवरून धरणारा ‘क्लॅव्हाटा’ नावाचा ग्राहीही याच घराण्यातील आहे. मोहरीच्या कुळातील एका लहान रोपट्यावर याचे प्रयोग झाले आहेत. त्या रोपांना जिवाणूच्या तुकड्याचा सतत संपर्क दिला असता त्यांची वाढ खुंटते. क्लॅव्हाटा निकामी झाला तर शेंडा बेसुमार फुगतो. परंतु मर रोगाच्या एका जिवाणूस तेच रोप अधिक चांगले तोंड देते. वाढ आणि रक्षण यांची अशी सांगड आहे. सारी माणसे राखणीस लावली तर पेरणी मागे पडते, तसेच हे होय.

मग शेंड्याचे टोक स्वच्छ कसे राहते? चीनमधील संशोधकांनी २०२० मध्ये त्याच रोपट्यावर एक कारण दाखवून दिले. मूलपेशींना मूलपेशी म्हणून टिकविणारे ‘वुशेल’ नावाचे प्रथिन विषाणूला लागणारी प्रथिने तयार होऊ देत नाही. त्यामुळे विषाणूची वाढ तेथे थांबते. हा प्रयोग संत्र्यावरील नव्हे, हे ध्यानात ठेवावे. दुसरे कारण साधे आहे. ग्रीनिंगचा जिवाणू अन्नरसाच्या वाहिन्यांत राहतो आणि टोकाशी त्या वाहिन्या अजून तयार झालेल्या नसतात.

याच गोष्टीचा उपयोग करून १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत व स्पेनमध्ये शेंडा-कलमाची रीत सिद्ध झाली. शेंड्याचे जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटरचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली कापून काचनळीतील कोवळ्या खुंटावर बसवितात. रोप वाढल्यावर त्याची तपासणी करतात, व निरोगी ठरलेले झाड कीटकरोधक जाळीगृहात मातृवृक्ष म्हणून जोपासतात. नागपूर येथे १९८५ साली स्थापन झालेल्या व आज केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने ही रीत नागपुरी संत्र्यासाठी अंगीकारली आहे.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. असे कलम रोगमुक्त असते, रोगप्रतिबंधक नव्हे. शेतात आल्यावर सिट्रस सायला ग्रीनिंग पसरविते व मावा ट्रिस्टेझा पसरवितो. डिंक्या व मूळकुज यांची बुरशी तर जमिनीतच दबा धरून असते. म्हणून पुढील दक्षता घ्यावी.

१. रोपवाटिकेत कलमाच्या दराआधी मातृवृक्षाची चौकशी करावी. डोळे कोणत्या झाडांवरून घेतले व त्यांची तपासणी केव्हा झाली, हे विचारावे.

२. डोळा जमिनीपासून किमान ९ इंचांवर भरलेला असावा. लागवडीत तो मातीखाली जाऊ देऊ नये.

३. कलमाचा चाकू व छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना सोडियम हायपोक्लोराइटच्या १ टक्का द्रावणात बुडवावी.

४. नव्या पालवीवर सायला व मावा यांची पाहणी करून वेळीच बंदोबस्त करावा.

५. खोडास पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर बोर्डो मलम लावावे. प्रमाण : १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी.

शेंदुरजना घाट परिसरातील रोपवाटिकांतून दूरदूरच्या गावी कलमे जातात. तेथील एक रोगी मातृवृक्ष अनेक गावांचे बगीचे बुडवू शकतो, आणि एक निरोगी मातृवृक्ष तितकेच बगीचे तारू शकतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लागवडीच्या हंगामाआधी एखाद्या पारावर शेतकऱ्यांना एकत्र बसवून ही माहिती सांगावी. चौकशी करणारे गिऱ्हाईक वाढले म्हणजे रोपवाटिकाही सुधारतात.