माकडांचे अवजार-अध्ययन

‘माकडाच्या हाती कोलीत’ या म्हणीत माकडाच्या हाती आलेली वस्तू केवळ अनर्थ घडविते, असे गृहीत आहे. प्राणिवर्तनाच्या अभ्यासाने हे गृहीत बरेच सैल केले आहे. म्यानमारच्या मेर्गुई द्वीपसमूहातील माकडे दगडाने कालवे फोडतात, ही नोंद १८८७ सालचीच आहे.

येथे प्रथम व्याख्या स्पष्ट केली पाहिजे. शरीरापासून अलग असलेली वस्तू हाती धरून तिच्या योगे दुसऱ्या वस्तूत वा स्वतःच्या शरीरस्थितीत बदल घडविणे, म्हणजे अवजाराचा वापर होय. ठाण्याच्या येऊर परिसरात, किंवा कल्याण-डोंबिवलीच्या वस्तीत शिरलेल्या माकडाने बाटलीचे झाकण उघडले, तर ते हस्तकौशल्य ठरेल. अवजाराचा वापर नव्हे. उलट, अनिंद्य सिन्हा यांनी १९९७ साली वर्णिलेली टोपी-माकडाची रानटी मादी काड्या मोडून, त्यांची पाने काढून, अंग खाजविण्यासाठी त्या वापरीत असे. हा अवजार घडविण्याचाच प्रकार होय. येऊरच्या रानातही हीच जाती आढळते.

परंतु शोध एकाचा असतो, परंपरा टोळीची. जपानच्या कोशिमा बेटावर १९५३ साली इमो नावाच्या अल्पवयीन मादीने रताळी पाण्यात धुण्यास आरंभ केला. रताळे धुणे हा अवजाराचा वापर नसला, तरी नवे वर्तन कसे पसरते हे त्यावरून कळते. प्रथम ते तिची आई व सवंगडी यांनी उचलले. प्रौढ नरांनी क्वचितच. ब्राझीलमधील कॅपुचिन माकडांची पिले दगडाने कठीण फळे फोडणाऱ्या प्रौढांजवळ बसून उरलेले तुकडे वेचतात. त्यामुळे त्यांचे लक्ष दगडाकडे व फळाकडे वळते. पुढील कौशल्य मात्र स्वतःच्या खटपटीने, दोन-तीन वर्षांत साधते. हे हुबेहूब अनुकरण नव्हे. प्रौढांची सहिष्णुता, अनुकूल वस्तूंचे सान्निध्य आणि दीर्घ बाल्य या तीन गोष्टी त्यास आवश्यक असतात.

नगरालगतच्या टोळ्यांचा विचार याच दृष्टीने केला पाहिजे. आयते अन्न मिळू लागले, की पिलाचे लक्ष फळावरून माणसाच्या पिशवीकडे वळते. अध्ययनशक्ती तीच राहते. बदलतो तो पाठ. म्हणून माकडास खाऊ घालणारा मनुष्य केवळ भूतदया करीत नाही. तो पुढच्या पिढीचे वर्तन घडवीत असतो, आणि त्याचा उपद्रव पुढे उभयतांस भोगावा लागतो.