विजेच्या शेगडीची तार

धार आणि देवास येथील पवारांची संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. परंतु मराठी कुटुंबे माळव्यात राहिली, आणि पौष-माघातील तेथला गारठाही तसाच राहिला. पूर्वी त्यावर कोळशाच्या शेगडीचा उतारा असे. बंद खोलीतील कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, वासानेही कळत नाही, आणि निजलेल्या माणसाचा प्राण घेतो. विजेच्या शेगडीला धूर नाही, म्हणून ती निर्धोक मानली जाते. मात्र तिची तार तुटली, की गृहस्थ दोन टोके पिळून जोडतो आणि बटण दाबतो. धोक्याचा आरंभ येथेच होतो.

ही तार निक्रोमची असते. सुमारे ऐंशी भाग निकेल आणि वीस भाग क्रोमियम यांचा हा मिश्रधातू अल्बर्ट मार्श या अमेरिकन संशोधकाने शोधला. त्याचे पेटंट १९०६ सालचे आहे. याचा रोध तांब्याच्या साठपटीहून अधिक असून, तापल्यावर पृष्ठभागी क्रोमियमच्या ऑक्साइडचा घट्ट थर धरतो व आतील धातूचे रक्षण करतो. म्हणूनच लालभडक होऊनही तार लवकर जळत नाही.

आता थोडे गणित. २३० व्होल्ट दाबावर १,००० वॉटच्या शेगडीचा रोध सुमारे ५३ ओहम आणि प्रवाह ४.३ अँपिअर असतो. तुटलेला पाचवा हिस्सा टाकून तार जोडली, तर रोध ४२ ओहमवर येतो, प्रवाह ५.४ अँपिअर होतो आणि शेगडी १,२५० वॉट वीज खाऊ लागते. तार आखूड झाली म्हणून उष्णता कमी होत नाही, उलट वाढते. आणि उरलेल्या तारेच्या प्रत्येक इंचावर पूर्वीच्या दीडपटीहून अधिक ताप पडतो. साहजिकच ती पुन्हा तुटते. यास्तव जुनी तार न जोडता तितक्याच वॉटची नवी घालावी, हेच काटकसरीचे होय.

नवी तार बसविण्यापूर्वी प्लग काढून घ्यावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. ते चुकीच्या तारेवर बसविलेले असल्यास शेगडीत वीज तशीच राहते. वेटोळे दोन्ही टोकांना धरून सावकाश व सारखे ताणावे, आणि त्याची लांबी चिनी मातीच्या तबकडीतील खाचेइतकी झाली की थांबावे. वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत. टोके पितळी स्क्रूखाली घट्ट आवळावीत. तेथे डाख लावू नये. शेगडीच्या तापाने तो वितळून जातो.

दोष ओळखणेही कठीण नाही. शेगडी मुळीच तापत नसेल, तर प्लग काढून मीटरने रोध मोजावा. तो ५३ ओहमच्या आसपास आला तर तार शाबूत असून दोष दोरी, प्लग किंवा बटणात आहे. रोध अमर्याद आला तर तार तुटली आहे. एकच भाग अधिक उजळत असेल, तर तेथील वेढे दाटले आहेत. नवी तार थंड झाल्यावर सारखी करता येते. जुनी मात्र ठिसूळ झालेली असते, हात लावताच मोडते. स्क्रू काळा पडला असेल, तर तेथील जोड सैल आहे. शेगडीच्या पत्र्याला हात लावताच झटका बसत असेल, तर वेटोळे पत्र्याला टेकले आहे आणि अर्थिंगही तुटलेले आहे. असली शेगडी जाणकाराने तपासल्याखेरीज वापरू नये.

उघड्या तारेच्या शेगडीवर पातेले ठेवताना वा उतरविताना वीज बंद असावी. पातेल्याचा तळ तारेला टेकला, तर दूध ढवळणाऱ्या हातातील पळीही वीज वाहू लागते. हे घरातील प्रत्येक स्त्रीपुरुषास ठाऊक असणे अगत्याचे आहे.