बहात्तर मीटरचं जहाज, पासष्ट मीटरचा पूल

ऑक्टोबर २००९ची अखेर. डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलाच्या दोन्ही अंगांच्या किनाऱ्यांवर मध्यरात्री थंडीत शेकडो माणसं वाट बघत उभी होती. ‘ओॲसिस ऑफ द सीज’ हे तेव्हाचं जगातलं सर्वांत मोठं प्रवासी जहाज फिनलंडच्या तुर्कू इथल्या गोदीतून नुकतंच निघालं होतं आणि बाल्टिक समुद्रातून बाहेर पडायला त्याला या पुलाखालून जावं लागणार होतं. पुलाखालची मोकळी उंची ६५ मीटर. जहाजाची पाण्यावरची उंची ७२ मीटर. आता बोला!

बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी धुराडी एकात एक सरकून खाली बसतील अशीच केली होती. ती खाली घेतली, तरी फट उरत होती जेमतेम. अशा वेळी कप्तान वेग कमी करील असं आपल्याला वाटतं ना? त्याने तो मुद्दाम चढा ठेवला. कारण उथळ पाण्यात जहाज जोरात गेलं की चक्क खाली बसतं! जहाजाच्या पोटाखालून पाणी मागे धावतं. समुद्राचा तळ जवळ असला की त्या पाण्याला वाट अरुंद मिळते, त्यामुळे ते आणखी जोरात धावतं. जोरात धावणाऱ्या पाण्याचा दाब घटतो आणि जहाज तेवढं खाली उतरतं. हजारो टनांचं ते गाव वेगाच्या बळावर थोडं वाकलं आणि पुलाखालून निघून गेलं.

क्रूझवर जाणाऱ्याला खंडीभर सल्ले मिळतात: खोली मधली घ्या, वेळेवर परत या, हात साबणानेच धुवा. ऐकायला हे कंटाळवाणं वाटतं. पण त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मागे पुलाखालच्या त्या रात्रीसारखं काहीतरी दडलेलं असतं, आणि ते एकदा कळलं की सल्ला पाठ करावा लागत नाही.

खोलीपासूनच सुरुवात करू. ओॲसिससारखं जहाज पाण्यावर ७२ मीटर उंच असतं, आणि पाण्याखाली? साधारण नऊ मीटर! मग ते कलंडत का नाही? इंजिनं, इंधनाच्या आणि पाण्याच्या टाक्या असं सगळं जड सामान अगदी तळाशी असतं, आणि तुमचे नाचगाण्याचे हॉल, जलतरण तलाव, मजल्यावर मजले हे त्यामानाने हलके असतात. त्यात रुंदीची मोठी मदत. जहाज डावीकडे कललं की डावी बाजू पाण्यात जास्त बुडते, तिथलं पाणी तिला वर रेटतं आणि जहाज आपणहून सरळ होतं. समुद्र ढकलतो आणि सावरायलाही समुद्रच येतो.

आता लाट समोरून आली तर? पुढचं टोक वर, मागचं खाली. मग मागचं वर, पुढचं खाली. बागेतला सीसॉ आठवा. टोकाला बसलेलं पोर उंच उडतं, मधल्या दांड्यावर बसलेलं जवळपास जागचं हलत नाही. जहाजाचंही तसंच. लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत शांत. मौज म्हणजे पुष्कळदा हीच खोली स्वस्तात मिळते, कारण लोक वरच्या मजल्यावरच्या गॅलरीला भुलतात. ज्यांना बोट लागते त्यांनी बिनदिक्कत खालची, मधली खोली घ्यावी.

बाजूंना डोलण्यावर तर माणसाने आणखी एक तोड काढली आहे. पाण्याखाली जहाजाच्या दोन्ही कुशींतून विमानाच्या पंखांसारखे आखूड पंख बाहेर येतात. जहाज उजवीकडे झुकू लागलं की एक पंख वर रेटतो, दुसरा खाली दाबतो, आणि डोलणं बरंचसं जागच्या जागी जिरतं. १९५२ साली क्युनार्ड कंपनीच्या ‘मीडिया’ या अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजावर असे पंख बसवले गेले. आज जवळजवळ प्रत्येक क्रूझ जहाजावर ते असतात. मात्र पंखाला जोर मिळतो तो पुढे धावण्यातून. जहाज नांगरून उभं असलं की कधीकधी चालत्या जहाजापेक्षा जास्त डुलल्यासारखं वाटतं, ते याचमुळे.

आणि तरीही बोट लागलीच तर? गोंधळ पोटात नसतो, डोक्यात असतो. कानाच्या आतल्या द्रवाने भरलेल्या नळ्या मेंदूला सांगतात, आपण हलतोय. खोलीच्या भिंती बघणारे डोळे सांगतात, छे, सगळं स्थिर आहे. या दोन साक्षी जुळत नाहीत आणि त्याची शिक्षा भोगतं बिचारं पोट. म्हणून उघड्या डेकवर या आणि क्षितिजाकडे बघत राहा. क्षितिज हलताना दिसलं की डोळे कानांशी सहमत होतात. खोलीत पडून मोबाइलवर वाचत बसणं हा सर्वांत वाईट उपाय. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि ढवळायला लागण्याआधी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

खोलीत शिरलात की भिंतीला एक लोहचुंबक लावून बघा. चिकटलं! जहाजावर आगीइतकी भीती कशाचीच नसते. भर समुद्रात अग्निशमन दल कुठून येणार? त्यामुळे भिंती पातळ पोलादाच्या. शिवाय ही खोली जहाजावर बांधलेलीच नसते. न्हाणीघर, नळ, वायरिंग यांच्यासकट ती कारखान्यात पूर्ण तयार होते आणि अर्धवट बांधलेल्या जहाजाच्या पोटात आख्खीच्या आख्खी सरकवली जाते. घरून चुंबकाचे चार-सहा हुक आणा. टोप्या, ओले कपडे, पिशव्या भिंतीवर टांगल्या की इवलीशी खोली एकदम मोठी होते. इस्त्री आणि पाणी उकळायची किटली मात्र घरी ठेवा, ती तपासणीत काढून घेतात. कारण तेच, आग.

बाटल्याच्या बाटल्या पाणीही नेऊ नका. नळाला येणारं पाणी कालपर्यंत समुद्र होतं! इंजिनाला थंड करून आलेलं गरम पाणी एरवी वाया गेलं असतं. त्याच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी उकळतात, तेही बंद भांड्यातली हवा काढून घेऊन. दाब कमी झाला की पाणी शंभर अंशांची वाट बघत नाही, पन्नासेक अंशांनाच उकळू लागतं. मीठ मागे राहतं, वाफ थंड करून गोडं पाणी मिळतं. दुसरी रीत म्हणजे प्रचंड दाबाने समुद्राचं पाणी बारीक पडद्यातून दाबून गाळायचं. मग त्यात थोडे क्षार घालून, निर्जंतुक करून ते तुमच्या पेल्यात येतं.

आता हात. जेवणाच्या हॉलच्या दाराशी सॅनिटायझर असतो, आणि तो लावला की काम झालं असं आपल्याला वाटतं. जहाजांवर उलट्या-जुलाबांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस मात्र त्याला फारशी दाद देत नाही. कोरोनासारख्या विषाणूंना स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं. अल्कोहोल ते विरघळवतं आणि विषाणू संपतो. नोरोव्हायरसला ते आवरणच नाही, त्याच्याभोवती प्रथिनांचं कडक कवच आहे. आजारी पाडायला त्याचे मोजके कणही पुरतात. साबण त्याला मारत नाही, पण चोळून धुतलं की तो हातावरून निसटून वाहत्या पाण्याबरोबर जातो. तेव्हा बेसिनपाशी थांबा, नीट वेळ घ्या.

पहिल्याच दिवशी कवायतीत भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब असे सूर कानी पडतील. सगळ्या जगातल्या जहाजांवर संकटाची खूण हीच. कवायतीला कंटाळून खोलीत दडून बसावंसं वाटेल, पण तसं करू नका, ही कळकळीची विनंती. १९१२ साली टायटॅनिक बुडालं, आणि त्यानंतर १९१४ साली समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तरी १३ जानेवारी २०१२च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकाला धडकलं तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. नियमाने त्यासाठी चोवीस तास दिले होते. बत्तीस माणसं गेली. आता जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी कवायत घ्यावीच लागते. आपल्याला तर हे दुसऱ्यांकडून शिकायची गरज नाही. १७ जुलै १९४७ला रेवसकडे निघून वाटेत बुडालेली ‘रामदास’ बोट कोकणातली घरं अजून विसरलेली नाहीत. खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला तुमची जमण्याची जागा लिहिलेली असते. तिथपर्यंत जिन्याने एकदा चालून जा. संकटात लिफ्ट नसते.

मोबाइल विमान-मोडवर टाका. भर समुद्रात दिसणारं नेटवर्क जहाजावरच्या टॉवरचं आणि उपग्रहामार्फत येणारं असतं. त्याचं बिल घरी आल्यावर बघवत नाही. परदेशी क्रूझ असेल तर व्हिसा एकदाच शिरण्याचा चालेल का, हे आधी तपासा. सिंगापूरहून निघून पेनांग, फुकेत करून सिंगापूरलाच परतायचं असेल तर तुम्ही त्या देशात दोनदा शिरता.

आणि आता बंदर. कार्यक्रमपत्रिकेत ‘रोम’ छापलेलं असतं, पण जहाज लागतं चिविताव्हेकियाला, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. ‘पॅरिस’ म्हणजे ल अव्हर, तिथून जवळपास दोनशे किलोमीटर. ‘गोवा’ म्हणजे मुरगाव. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. ही फसवणूक नाही, हा पाण्याच्या खोलीचा हिशेब आहे. जुनी शहरं नदीकाठी वसली, लहान होड्यांच्या सोयीने. जहाजं मोठी झाली तसं त्यांना खोल पाणी हवं झालं आणि बंदरं समुद्राकडे सरकली. चिविताव्हेकियाचं बंदर तर रोमन सम्राट ट्राजानने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बांधलं. म्हणजे रोमला जवळचं पाणी अपुरं पडण्याची कहाणी एकोणीसशे वर्षं जुनी आहे. तेव्हा बंदरातला दिवस आखताना जहाज उभं असण्याच्या तासांतून जाण्यायेण्याचे तास आधी वजा करा, मग काय बघायचं ते ठरवा.

पण खरा खेळ शहराच्या आधीच होतो. बंदरात शिरायच्या छापील वेळेआधी दोनेक तास उघड्या डेकवर या. एक चिमुकली बोट जहाजाला घासून धावू लागेल. जहाजाच्या कुशीत, पाण्यापासून थोड्या उंचीवर, एक दार उघडेल, दोरांची शिडी खाली सुटेल, आणि दोन्ही बोटी चालू असतानाच एक माणूस त्या शिडीला झेप घेऊन वर चढेल. हा बंदराचा पायलट. सातही समुद्र पार करून आलेला कप्तान शेवटच्या चार मैलांसाठी याचं ऐकतो, कारण इथला गाळ कुठे सरकला, ओहोटीचा ओढा कुठे खेचतो, हे या एकाला ठाऊक. मुंबईत तर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या वर जातो. दीड मजला समुद्र दिवसातून दोनदा येतो आणि जातो!

नंतर बघा जहाज वळताना. पूर्वी टगबोटी ओढून वळवत. आता बऱ्याच जहाजांच्या पोटाखाली विजेची मोटर आणि पंखा असलेली कुपी टांगलेली असते, ती चहूबाजूंना फिरते. १९९८ साली ‘कार्निव्हल एलेशन’ या क्रूझ जहाजावर ती पहिल्यांदा आली. पुढच्या टोकाला पाणी आडवं फेकणारे पंखे असतातच. तीनशे मीटरचं जहाज जागच्या जागी गिरकी घेतं आणि आडवं सरकत धक्क्याला टेकतं. कप्तान त्या वेळी डेकच्या कडेला बाहेर आलेल्या काचेच्या कक्षात उभा असतो, पायाखालच्या काचेतून धक्का बघत.

जिथे खोल पाणी किनाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही, तिथे जहाज बाहेरच थांबतं. मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझचे प्रवासी अगत्तीला लहान बोटींतूनच उतरतात. हर्णे, मालवण, वेंगुर्ल्याला बोट दूर उभी राहायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, फणस, रडणारी पोरं किनाऱ्याला यायची, ते आठवणारी आजी-आजोबा मंडळी अजून आहेत. अशा ठिकाणी घाईने पहिल्या बोटीसाठी रांग लावू नका, तासाभराने गर्दी ओसरते. बोटीत चढताना दोन्ही हात मोकळे ठेवा, पिशवी पाठीवर. खलाशी म्हणेल तेव्हाच पाऊल टाका. तो लाटेचा माथा यायची वाट बघत असतो, कारण त्या क्षणी दोन्ही बोटी जवळपास एका पातळीवर असतात.

परतीच्या वेळेला मात्र सवलत नाही. दोन माणसांसाठी जहाज का थांबत नाही? पायलट दुसऱ्या जहाजाला नेमलेला असतो, धक्का पुढच्या पाहुण्याला दिलेला असतो, भरती तर कुणाचीच नसते. उशीर भरून काढायला वेग वाढवावा तर इंधनाचा खर्च वेगापेक्षा कितीतरी झपाट्याने वाढतो. म्हणून निघताना जहाजाच्या घड्याळाशी मनगटावरचं घड्याळ जुळवा. मोबाइल किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडून गुपचूप तासभर पुढेमागे होतो आणि जहाजाची वेळ तीच राहते. रोजच्या पत्रकावर बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. लांब जायचं असेल तर जहाजाचीच सहल घ्या, ती अडकली तर जहाज सहसा थांबतं. स्वतःच्या हिमतीवर जायचं असेल तर लांबचं ठिकाण आधी बघा आणि बंदराजवळचं शेवटी.

शेवटच्या रात्री सामान दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्याआधी दुसऱ्या दिवशीचे कपडे, औषधं, चष्मा आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत काढून घ्या. पहाटेपर्यंत हजारो बॅगा तळमजल्यावरच्या लांबलचक बोळातून किनाऱ्याकडे गेलेल्या असतात, आणि त्याच बोळातून उलट दिशेने आठवडाभराचे बटाटे, दूध, चादरी आत येत असतात. तुम्ही नाश्ता करत असता तेव्हा तुमची खोली पुढच्या माणसासाठी झाडली जात असते. तो दुपारी चढणार असतो.