आपत्तींचे भूदृश्य-छायाचित्रण, आरंभीचे
पूर, भूकंप इ. नैसर्गिक आपत्तींनी भूप्रदेशात घडविलेल्या बदलांची छायाचित्रांद्वारे केलेली नोंद. हिचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला. त्या काळी प्रकाशसंवेदी कागद वा काच बराच वेळ प्रकाशात उघडी ठेवावी लागे व हलणाऱ्या वस्तू पुसट उमटत. त्यामुळे प्रत्यक्ष आपत्ती नव्हे, तर तिच्या मागे उरलेल्या स्थिर खुणाच टिपता येत. तंत्राची ही उणीव पुढे भूविज्ञानाच्या पथ्यावर पडली.

१८५६ मध्ये फ्रान्समधील ऱ्होन नदीस महापूर आला, तेव्हा शासनाने एद्वार बाल्द्यूस यांच्याकडे लिआँ, आव्हीन्याँ व तारास्काँ येथील हानीच्या चित्रणाचे काम सोपविले. त्यांच्या चित्रांत दिसतात ती ढासळलेली घरे व पसरलेले पाणी; आपद्‌ग्रस्त माणसे जवळजवळ नाहीतच. दक्षिण इटलीत १६ डिसेंबर १८५७ रोजी झालेल्या भूकंपानंतर आयरिश अभियंते रॉबर्ट मॅलेट यांनी पडक्या इमारतींच्या भेगांवरून धक्क्याची दिशा ठरविली. १८६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथासाठी छायाचित्रांचा पुरावा म्हणून उपयोग करण्यात आला.

या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण जपानमधील होय. २८ ऑक्टोबर १८९१ रोजी मध्य जपानमधील नोबी भागात प्रचंड भूकंप होऊन सात हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. जॉन मिल्न व डब्ल्यू. के. बर्टन यांनी प्रसिद्ध केलेल्या चित्रसंग्रहात कोसळलेले पूल व उद्‌ध्वस्त गावे आहेत. कलादृष्ट्या हा संग्रह सरस असला, तरी शास्त्रीय विचाराला वळण दिले ते भूवैज्ञानिक बुंजिरो कोतो यांच्या १८९३ च्या निबंधातील एका साध्या चित्राने. निओ खोऱ्यातील मिदोरी येथे जमीन सु. ६ मी. खालीवर सरकून कडा निर्माण झाला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंस रस्त्याचे तुटलेले भाग एकमेकांपासून बाजूलाही सरकले होते. जमिनीवरील अशा भेगा हा भूकंपाचा परिणाम होय, असे तोपर्यंत सामान्यतः मानले जाई. कोतो यांनी उलट प्रतिपादन केले : विभंगावरील खडकांचे सरकणे हेच या भूकंपाचे कारण होय. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या १९०६ च्या भूकंपाच्या अभ्यासानंतर या मताला भक्कम आधार मिळाला.

भारतात १२ जून १८९७ च्या आसाम भूकंपावरील आर. डी. ओल्डॅम यांच्या अहवालात (१८९९) छायाचित्रांचा समावेश आहे. त्या वेळी चेद्रांग नदीच्या काठाने उघड झालेल्या विभंगामुळे प्रवाहात धबधबे व तळी निर्माण झाल्याचे त्यात नमूद आहे.