संयुक्त राष्ट्रांची घडण (४) : उसनवारीची फौज

पाच बड्या राष्ट्रांच्या पदरात नकाराधिकार कसा पडला, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. समजा, पाचांपैकी कोणीच आडवं आलं नाही आणि सुरक्षा परिषदेत ठराव झाला. तो अमलात कोणी आणायचा? संयुक्त राष्ट्रांच्या पदरी स्वतःचा एकही सैनिक नाही.

१९४५च्या सनदेत याची सोय होती. कलम ४३ प्रमाणे सदस्य राष्ट्रांनी करार करून आपल्या फौजेचा काही हिस्सा परिषदेच्या दिमतीला ठेवायचा होता आणि पाच बड्यांच्या सेनाप्रमुखांच्या एका समितीने तिच्या वापराबद्दल सल्ला द्यायचा होता. शीतयुद्ध पेटलं आणि असा एकही करार झाला नाही. समिती मात्र १९४६ पासून आजतागायत शाबूत आहे; तिच्या बैठकाही नेमाने भरतात. ज्या फौजेसाठी ती नेमली, ती फौज जन्मालाच आली नाही! सरकारी कारभार जवळून पाहिलेल्या वाचकाला याचं फारसं नवल वाटणार नाही.

आपण बातम्यांत पाहतो ती निळ्या टोप्यांची शांतिसेना या कलमातून आलेली नाही. सनदेचं सहावं प्रकरण वाटाघाटींचं, सातवं बळाच्या वापराचं. शांतिसेना या दोहोंच्या मधली. म्हणून तिला ‘साडेसहावं प्रकरण’ म्हणायची पद्धत पडली. १९४८ साली पॅलेस्टाइनमध्ये आणि १९४९ साली काश्मीरमध्ये युद्धबंदीवर नजर ठेवायला निरीक्षक गेले, पण ते निःशस्त्र. पहिली सशस्त्र शांतिसेना उभी राहिली ती १९५६च्या सुएझ पेचप्रसंगात, आणि तीही अक्षरशः घाईगर्दीत.

इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी जुलैमध्ये सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. ऑक्टोबर संपता संपता इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स इजिप्तवर चालून गेले. परिषदेत दाद मागावी, तर ब्रिटन आणि फ्रान्स हे आरोपीही आणि नकाराधिकाराचे मालकही. त्यांनी ठराव हाणून पाडला. तेव्हा युगोस्लाव्हियाने प्रकरण आमसभेकडे सोपवण्याचा ठराव आणला. तो कामकाजाच्या पद्धतीविषयीचा धरला गेल्याने तिथे नकाराधिकार चालत नव्हता. दोघांनी विरोधात मत दिलं, तरी ठराव ७ विरुद्ध २ असा संमत झाला.

आमसभेत कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअरसन यांनी तोडगा सुचवला: हल्लेखोरांनी माघार घ्यावी आणि मध्ये संयुक्त राष्ट्रांची फौज उभी राहावी. सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांना योजना मांडायला मुदत मिळाली ४८ तासांची. सैनिक द्यायला देश तयार होते. त्यात भारतही होता. अडचण वेगळीच निघाली. इतक्या देशांचे सैनिक वाळवंटात लांबून ओळखायचे कसे? निळ्या टोप्या शिवून घ्यायला सवड नव्हती. मग युरोपातल्या अमेरिकी साठ्यातली हेल्मेटच्या आत घालायची प्लास्टिकची टोपणं मागवली आणि त्यांच्यावर निळ्या रंगाचा फवारा मारला. जगभर ओळखीची झालेली ती निळी टोपी अशी आली. त्यात कॅनडाने धाडायचं ठरवलेल्या पलटणीचं नाव ‘क्वीन्स ओन रायफल्स’. गणवेशही ब्रिटिश थाटाचा. ज्यांना हुसकावायचं त्यांच्याच राणीचं नाव मिरवणारी पलटण नासर यांना कशी चालावी? तिला मायदेशीच थांबावं लागलं. १५ नोव्हेंबरला पहिली तुकडी इजिप्तमध्ये उतरली. पुढे सैनिकांचा आकडा ६,००० च्या आसपास गेला.

शांतिसेनेचे नियम या धावपळीतच ठरले. यजमान देशाची संमती हवी, कोणाची बाजू घ्यायची नाही, स्वसंरक्षणापुरतीच बंदूक चालवायची. माझ्या मते या फौजेचं बळ आणि दुबळेपण, दोन्ही त्या संमतीत आहे. इस्रायलने आपल्या हद्दीत ही फौज कधी येऊच दिली नाही. ती इजिप्तच्या बाजूलाच राहिली. मे १९६७ मध्ये नासर यांनी ‘निघा’ म्हटलं आणि सरचिटणीस ऊ थांट यांना ते मानावं लागलं. फौजेचे प्रमुख तेव्हा भारताचे मेजर जनरल इंदर जीत रिखी होते. आवराआवर चालू असतानाच ५ जूनला युद्ध भडकलं आणि गाझात अडकलेले भारतीय जवान इस्रायली माऱ्यात प्राणाला मुकले.

राखायला शांतताच नसेल तर काय होतं, हे १९९२ साली युगोस्लाव्हियात दिसलं. तिथल्या शांतिसेनेचे पहिले प्रमुख मराठा लाइट इन्फंट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. कामगिरी होती क्रोएशियातली. मुख्यालय ठेवलं शेजारच्या बोस्नियात, सारायेव्होला. काही आठवड्यांतच युद्ध सारायेव्होत पोहोचलं आणि मुख्यालयालाच तिथून हलावं लागलं.

आता पैशाचं. फौज पाठवायची की नाही हे सुरक्षा परिषद ठरवते, खर्चाला मंजुरी आमसभा देते, सैनिक तिसरेच देश पुरवतात. आज त्यांत नेपाळ, बांगलादेश, भारत, रवांडा ही नावं पुढे असतात. सैनिकामागे दरमहा ठरावीक रक्कम मिळते, ती त्याच्या सरकारला. जुलै २०१८ मध्ये हा दर १,४२८ डॉलर होता आणि तो सगळ्या देशांना सारखाच. ठराव करणाऱ्या पाच बड्यांवर वर्गणीचा बोजा जास्त ठेवला आहे, हे न्याय्यच. फक्त ती वेळेवर यायला हवी.

सुएझ आणि पुढे काँगोच्या मोहिमेचे पैसे द्यायला सोव्हिएत संघाने साफ नकार दिला. काँगोच्या बाबतीत फ्रान्सनेही. दोन वर्षांची वर्गणी थकली की आमसभेतला मताधिकार जातो, असं कलम १९ सांगतं. आपल्याकडच्या सोसायटीतल्या थकबाकीदाराला लागावा तसाच हा नियम. पण इथे थकबाकीदार अण्वस्त्रधारी! १९६४च्या अधिवेशनात हा प्रश्न उभाच राहू नये म्हणून जवळजवळ सगळं कामकाज मतदान न घेताच उरकलं. नियमावर अडून बसलेल्या अमेरिकेने ऑगस्ट १९६५ मध्ये हट्ट सोडला, मात्र वेळ आली तर अशीच मोकळीक आपल्यालाही असेल अशी पुस्ती जोडून. पुढे १९९४ साली अमेरिकी काँग्रेसने शांतिसेनेच्या खर्चातला आपला वाटा २५ टक्क्यांवर बांधणारा कायदा केला. संयुक्त राष्ट्रांनी लावलेला वाटा बहुतेक वर्षी त्याहून जास्तच राहिला आहे, आणि मधला फरक थकबाकीच्या खात्यात चढत जातो.

(पुढील आठवड्यात : वर्गणीचे आकडे ठरवणारी आमसभेची पाचवी समिती)