सिझन संपल्यावरचं मावळ आणि ओढा आटण्याचं गणित

मळवली स्टेशनबाहेरचे चहावाले काका मला दर ऑक्टोबरमध्ये तोच प्रश्न विचारतात, "सिझन संपला ताई, आता काय बघायला आलात?" त्यांचं बरोबर आहे. जुलै-ऑगस्टच्या रविवारी लोणावळा लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाण्यापेक्षा माणसं जास्त असतात. नवरात्र उजाडलं की सगळं शांत. कणीसवाले निघून जातात, भज्यांच्या कढया थंड होतात, आणि माझ्यासारखे दोन-चार वेडे बादली आणि स्टॉपवॉच घेऊन उतरतात.

तुम्ही नेटची किंवा पेटची तयारी करत असाल, आणि पाणी, भूशास्त्र, पर्यावरण यांपैकी कशात तरी पीएचडी करायचा विचार असेल, तर आजची पोस्ट तुमच्यासाठी आहे. विषय एकच: सिझन संपताना ओढा कसा आटतो, आणि त्या आटण्याकडे बघण्यात काय मिळतं. मी याच गोष्टीत माझं एक अख्खं वर्ष घालवून बसले, तेही सांगते.

आधी मजेची बाजू. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एकदा भाज्यावरून विसापूरला चढून बघा. पावसाळ्यात ही वाट म्हणजे ओढाच असतो, पायऱ्यांवरून पाणी धो-धो उतरत असतं आणि आपण त्यातून वर चढत असतो. आता त्याच पायऱ्यांवर घोट्याएवढं पाणी असतं, स्वच्छ, तळ दिसणारं. (शेवाळ मात्र अजून असतं. घसरलात तर मला सांगू नका.) माथ्यावर सोनकी पिवळीधमक, तेरडा शेवटाकडे आलेला, गवत टोकांशी सोनेरी व्हायला लागलेलं. जुलैत इथे दहा फुटांवरचा मित्र दिसत नाही. आता पवनेचं पाणी, तुंग, तिकोना, शेजारी लोहगडाचा विंचूकाटा असं सगळं एकदम समोर येतं. माझ्या मते मावळातला सगळ्यात सुंदर पंधरवडा हाच. पण तो 'सिझन'मध्ये मोजला जात नाही.

बर्फाळ प्रदेशात सिझनच्या या शेपटीचा मान मोठा असतो. गुलमर्ग असो की आल्प्स, वसंत ऋतूतल्या स्कीइंगचे चाहते वेगळेच. दिवसा वितळलेलं बर्फ रात्री पुन्हा गोठतं. पहाटे ते दगडासारखं टणक असतं, ऊन चढलं की वरचा थर दाणेदार, मऊ होतो, आणि दुपारनंतर नुसता गिचका. मजा त्या मधल्या दोन-तीन तासांत. म्हणून जाणकार आधी पूर्वेकडच्या उतारावर जातात, मग सूर्याबरोबर सरकत पश्चिमेकडे. गर्दी नसते, थंडी बोचत नाही, फक्त वेळ अचूक साधावी लागते.

जलशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यांच्या आणि आपल्या डोंगरात मोठा फरक आहे. तिथे हिवाळ्यात पडलेलं पाणी बर्फाच्या रूपात डोंगरावर साठून राहतं. सिझन संपतो म्हणजे ते साठलेलं पाणी सुटायला लागतं, त्यामुळे वसंतात नद्या वाढतात. आपल्याकडे वर साठा नाही. जे काही शिल्लक राहतं ते दगडाच्या आत, डोळ्यांना न दिसणारं. किती शिल्लक आहे हे कळायचा साधा मार्ग म्हणजे पाऊस थांबल्यावर ओढ्याकडे बघत बसणं.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पुण्यात सातशेच्या आसपास. एवढा पाऊस पडूनही घाटमाथ्यावरच्या अनेक वाड्यांना मार्च-एप्रिलमध्ये पाणी लांबून आणावं लागतं. हे कोडं माझ्या संशोधनाच्या मुळाशी आहे, आणि त्याचं निम्मं उत्तर दगडात आहे.

सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांची चळत. काही थर घट्ट, काळे, भेगा सोडल्या तर पाणी आत न घेणारे. काहींच्या वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांची भोकं, तिथे झीज जास्त, तिथे पाणी थोडंफार मुरतं. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीसारखा पट्टा असतो, त्याला भूशास्त्रात रेड बोल म्हणतात. भेगांतून खाली उतरणारं पाणी घट्ट थरावर किंवा या लाल पट्ट्यावर अडलं की आडवं सरकतं आणि कड्याच्या पोटातून झरा होऊन बाहेर पडतं. पुढच्या वेळी लोकलने जाल तेव्हा खिडकीतून कड्यांकडे बघा. ऑक्टोबरात मोठे धबधबे गेलेले असतात, पण अनेक ठिकाणी एकाच उंचीवर ओलीगार, काळपट रेघ दिसते. ती बहुधा दोन थरांची शिवण असते.

दगड पाणी आत घेत नाही म्हणून पाऊस पडला की ते जवळजवळ सगळं लगेच वाहून येतं. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. धबधब्याचं पाणी काही मिनिटांत वाढतं ते याच कारणाने, आणि पाऊस गेल्यावर तो झपाट्याने रोडावतो तेही याच कारणाने. पुराचा अभ्यास करणारे आणि टंचाईचा अभ्यास करणारे आमच्या विभागात वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात, पण दगड दोघांचा एकच आहे.

भाज्याच्या लेण्यांतली टाकी बघितली की हे फार पूर्वी कुणाला तरी कळलं होतं असं वाटतं. एका टाक्यावर महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने ते दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे, टाक्याला तिथे 'पोढी' म्हटलंय. जो घट्ट दगड धबधब्याला लवकर मारतो, तोच कोरलेल्या टाक्यातलं पाणी धरून ठेवतो. असो, हा माझा प्रांत नाही.

आता गणित. घाबरू नका, बारावीपेक्षा जास्त लागत नाही.

पाऊस पूर्ण थांबल्यावर ओढ्याचा प्रवाह रोज ठरावीक संख्येने कमी होत नाही, तर ठरावीक प्रमाणात कमी होतो. म्हणजे आज दहा असेल आणि उद्या नऊ, तर परवा आठ नाही, ८.१. फ्रेंच गणितज्ञ बूसिनेस्क यांनी १८७७ मध्ये याचा पाया घातला आणि एदमों माये यांनी १९०५ मध्ये तो झऱ्यांसाठी साध्या घातांकी सूत्रात वापरला. त्या सूत्रात एकच आकडा महत्त्वाचा, त्याला अल्फा म्हणतात: दिवसाला प्रवाह कोणत्या दराने घटतो. ०.६९३ ला अल्फाने भागलं की प्रवाह निम्मा व्हायला लागणारे दिवस मिळतात. अल्फा ०.०७ असेल तर दहा दिवस, ०.०१ असेल तर जवळपास सत्तर.

प्रवाहाचा लॉग घेऊन तो दिवसांसमोर मांडा. सरळ रेघ यायला हवी. मावळातल्या छोट्या ओढ्यावर सहसा दोन रेघा येतात: आधी एक तीव्र उताराची, मग कोपर वाकवल्यासारखी एक मंद उताराची. पहिली म्हणजे माती, मुरूम आणि वरच्या मोठ्या भेगा रिकाम्या होतायत. दुसरी म्हणजे दगडाच्या आतला संथ साठा. उन्हाळ्याचं पाणी या दुसऱ्या रेघेवर अवलंबून असतं.

किती अवलंबून? समजा १ नोव्हेंबरला एका झऱ्याचा प्रवाह सेकंदाला एक लिटर आहे. दुसऱ्या रेघेचा अल्फा ०.०१ निघाला तर ३१ मार्चला, म्हणजे १५० दिवसांनी, दिवसाला सुमारे १९,००० लिटर पाणी मिळेल. अल्फा ०.०२ निघाला तर ४,३००. जल जीवन मिशनचा निकष माणशी ५५ लिटर आहे. म्हणजे पहिल्या झऱ्यावर साधारण साडेतीनशे माणसांची वस्ती मार्चअखेर तग धरते, दुसऱ्यावर ७८ जणांची. प्रबंधातल्या तक्त्यात हा फरक दुसऱ्या दशांश स्थळावर असतो. गावात तो एप्रिलमध्ये टँकर बोलवायचा की नाही एवढा असतो.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी मी जून ते सप्टेंबर मन लावून नोंदी घेतल्या. भिजले, जळवा लागल्या, दोन बूट फाटले. फोटो झकास आले. ऑक्टोबरात पाऊस थांबला, प्रवाह भराभर उतरला, आणि मला वाटलं, झालं, मुख्य काम संपलं. दिवाळीला घरी गेले. नंतर एक प्रेझेंटेशन, मग ताप. गावात परतले तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. कोपर नेमका त्या मधल्या दिवसांत वाकला होता आणि माझ्याकडे तिथे एकही नोंद नव्हती.

पुढे नोंदी घेऊन रेघ पूर्ण करावी म्हटलं, तर झऱ्याला पाइप लागलेला. भातकापणी उरकून लोकांनी खालच्या खाचरात हरभरा केला होता, त्याला पाणी नको? पाणी त्यांचं, झरा त्यांचा. पण आता मी मोजत होते ते डोंगर सोडेल तेवढं पाणी नव्हतं, शेताला देऊन उरलेलं पाणी होतं. हाताशी होते त्या आकड्यांतून अल्फा ०.०१ ही बसत होता आणि ०.०२ ही. गाईड सरांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, "पुढच्या ऑक्टोबरला भेटू." एवढंच. पुढचा ऑक्टोबर यायला अकरा महिने होते.

ज्या मावशींच्या पडवीत मी बॅग ठेवायचे, त्या ऐकून हसल्या. म्हणाल्या, "दसऱ्याला पाणी पळतं, दिवाळीला चालतं, मग बसतं. तू पळणारं मोजलंस." कोपर कुठे आहे हे त्यांना माहीत होतं. मी विचारलंच नव्हतं.

तेव्हा प्रत्यक्ष काम कसं करायचं ते थोडक्यात सांगते, कारण पद्धतीच्या पुस्तकांत हे बारकावे सहसा सापडत नाहीत. पाणी एका धारेत पडत असेल तर दहा लिटरची बादली आणि स्टॉपवॉच पुरतं. बादली चार सेकंदांत भरली तर सेकंदाला अडीच लिटर. तीनदा मोजा, सरासरी घ्या. ओढा पसरट असेल तर पत्र्याला काटकोनी खाच पाडून आडवा लावा. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची दहा सेंटिमीटर असेल तर प्रवाह सेकंदाला साधारण ४.४ लिटर. उंची खाचेला लागून मोजू नका, थोडं मागे जाऊन मोजा, कडेवर पाणी खाली वाकलेलं असतं. पत्र्याच्या बाजूने आणि खालून पाणी झिरपत नाही ना ते बघा. माझ्या पहिल्या पत्र्याखालून किती पाणी गेलं ते आठवायला नको.

रोज एकाच वेळी मोजा, शक्यतो सकाळी सातला. झाडं आणि गवत दिवसा पाणी ओढतात, त्यामुळे छोटा ओढा दुपारनंतर किंचित उतरतो आणि रात्रीतून सावरतो. एक दिवस सकाळी आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजलंत तर तो उतार तुम्हाला डोंगराचा वाटेल. मग परतीचा पाऊस. हस्ताची एक जोरदार सर आली की रेघ पुन्हा वर उडी मारते. अशा सरीनंतरचे पहिले दोन-तीन दिवस विश्लेषणात धरू नका, पण नोंद मात्र घ्या. आणि पाऊस नेमका कधी थांबला याबद्दल वाद घालायचा नसेल, तर ब्रुटसार्ट आणि नीबर यांची १९७७ ची पद्धत वाचा. ते दिवसांऐवजी घटण्याचा वेग प्रवाहासमोर मांडतात, त्यामुळे सुरुवातीची तारीख लागतच नाही. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो, मला आला होता.

सगळ्यात आधी मात्र गावात विचारा: पाइप कधी लागतो? पाऊस थांबल्यापासून पाइप लागेपर्यंत जो काळ मिळतो, माझ्या झऱ्यावर तो तीन-साडेतीन आठवड्यांचा आहे, तोच तुमचा खरा सिझन. तो बहुतेक वेळा दिवाळीवर येतो. त्याला इलाज नाही.

यंदा मी मावशींच्या अकरावीतल्या नातीला नोंदवही देऊन ठेवली आहे. भाऊबीजेचे दोन दिवस मी नसेन, तेव्हा ती मोजणार आहे. तिने पहिल्याच दिवशी मला विचारलं की बादली नेमकी दहा लिटरची आहे हे तू तपासलंस का. नव्हतं तपासलं. साडेनऊची निघाली.