निशाण, ढाल आणि जरीपटका

मराठेशाहीच्या कागदांत ‘ढाल’ हा शब्द आला कीं नवशिका वाचक तेथें ढाल-तलवारीची ढाल समजतो, आणि पुष्कळदां त्याचें त्यावर निभावूनहि जातें. परंतु ज्या ठिकाणीं ढाल हत्तीवर चढते, मुक्कामाच्या जागीं उभी राहते, किंवा लढाईच्या ऐन भरांत दिसेनाशी झाल्यामुळें फौजेचा धीर सुटतो, त्या ठिकाणीं ती गेंड्याच्या कातड्याची ढाल असणें शक्य नाहीं. तेथें ढाल म्हणजे फौजेचें मोठें निशाण. कूच व मुक्काम यांची दिशा सर्व लष्करास त्यावरून कळे. मोल्सवर्थाच्या कोशांत हा अर्थ स्पष्ट दिला आहे. ज्या हत्तीवर हें निशाण चाले तो ढालगज. आणि सर्वांच्या पुढें, सर्वांच्या देखत मिरवत चालणाऱ्या त्या हत्तीवरूनच घरगुती भांडणांतील ‘ढालगज भवानी’ ही शेलकी पदवी निघाली. हत्ती गेले, निशाणें गेलीं, शिवी तेवढी शिल्लक राहिली!

एका शब्दाचा अर्थ चुकला तर फारसें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. बिघडतें तें असें कीं, निशाण कोणाबरोबर होतें यावरून त्या स्वारीचा मुख्य कोण हें ठरतें. म्हणून निशाणवाचक शब्दांचा थोडा खल येथें करण्याचें योजिलें आहे.

आरंभ जुन्या संस्कृत शब्दांपासून केला पाहिजे. ‘ध्वज’ आणि ‘पताका’ हे शब्द आज आपण एकाच अर्थानें वापरतों. परंतु प्राचीन वाङ्मयांत पताका म्हणजे वस्त्र आणि ध्वज म्हणजे मुख्यतः दंड व त्याच्या माथ्यावरील चिन्ह, असा भेद बहुधा आढळतो. महाभारतांत अर्जुन कपिध्वज आहे आणि भीष्माच्या रथावर तालवृक्ष आहे. रथ धुळींत दिसेनासा झाला तरी आंत कोण आहे हें चिन्हावरून कळावें हा त्याचा उपयोग. विदिशेजवळ बेसनगर येथें इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत हेलिओदोर नांवाच्या यवन वकिलानें वासुदेवाप्रीत्यर्थ जो दगडी स्तंभ उभारला, त्यास त्यावरील लेखांतच ‘गरुडध्वज’ म्हटलें आहे. तेथें कापडाचा संबंधच नाहीं.

ताम्रपट व शिलालेख वाचणाऱ्यांस दुसरा एक भेद ध्यानांत ठेवावा लागतो, तो लांछन आणि ध्वज यांचा. लांछन हें मुद्रेवरचें चिन्ह. ध्वज हें निशाणावरचें. एकाच राजकुलाचीं हीं दोन चिन्हें निरनिराळीं असूं शकतात. गोव्याच्या कदंबांचें लांछन सिंह, म्हणून त्यांच्या नाण्यांवर व मुद्रांवर सिंह. पण बिरुदावलींत त्यांचा ध्वज वानराचा. ताम्रपटाच्या कडीवरील मुद्रा पाहून ‘हेंच त्या राजाचें निशाण’ असें लिहून टाकण्याची जी प्रवृत्ति आहे ती यामुळें धोक्याची ठरते. शिलाहार आणि देवगिरीचे यादव हे दोघेहि आपणांस ‘सुवर्णगरुडध्वज’ म्हणवितात. तेव्हां केवळ त्या बिरुदावरून तुटक लेखाचें कुल ठरविणें हेंहि तितकेंच धोक्याचें.

मुसलमानी अमदानींत शब्दसंपत्ति बदलली. अबुल फजल यानें ‘ऐने-अकबरी’ ग्रंथांत राजचिन्हांचें एक प्रकरणच घातलें आहे. त्यांत अलम, छत्रतोग, तुमानतोग आणि झंडा अशीं निशाणें येतात. छत्रतोगास वनगाईच्या शेपटांचे झुबके लावीत. तुमानतोग त्याच जातीचा पण अधिक लांब, आणि तो फार मोठ्या उमरावांसच मिळे. ‘झंडा’ हें मात्र हिंदुस्थानी निशाण, असें तो वेगळें नमूद करतो. बादशहाबरोबर निदान पांच अलम चालत, पण ते एरव्हीं तांबड्या बनातीच्या पिशव्यांत गुंडाळलेले असत आणि सणाच्या किंवा लढाईच्या दिवशींच उलगडत. याच प्रकरणांतील ‘आफ्ताबगीर’ मराठींत येऊन ‘अबदागीर’ झाला. शेपटांचा तोग ही मूळ मध्य आशियांतील तुर्की चाल. तुर्कांच्या उस्मानी राज्यांत पाशाचा दर्जा त्यास किती शेपटें मिळालीं यावर ठरे, आणि तीन शेपटांचा पाशा सर्वांत श्रेष्ठ गणला जाई.

माशाचें चिन्ह असलेला ‘माहीमरातब’ आपल्या कागदांत वरचेवर भेटतो. माही म्हणजे मासा. सन १७९२ त महादजी शिंद्यांनीं पुण्यास फर्मानबाडीचा समारंभ करून सवाई माधवरावांस बादशाही वकील-इ-मुतलकीचीं वस्त्रें अर्पण केलीं, तेव्हां त्या बहुमानांत हा मरातबहि होता. येथें वाचकानें विवेक ठेवावा. माहीमरातब ही बादशहाची देणगी, बाहेरून आलेला मान. जरीपटका हा स्वराज्याचा, आंतला अधिकार. दोन्ही एकाच सरदारापुढें चालत असले तरी त्यांचा अर्थ एक नव्हे.

‘निशाण’ या शब्दाचा घोटाळा ढालेपेक्षांहि मोठा आहे. मूळ फारशी अर्थ ‘खूण’. त्यावरून झेंडा. परंतु मोगल दफ्तरांत बादशहाच्या पत्रास फर्मान म्हणत, तसें शाहजाद्याच्या पत्रास निशान म्हणत. सन १६४९ त शहाजीराजांच्या सुटकेच्या संबंधांत शाहजादा मुरादबक्षाकडून शिवाजी महाराजांस जीं पत्रें आलीं तीं या जातीचीं. यामुळें ‘शाहजाद्याचें निशाण आलें’ अशा अर्थाचा मजकूर दिसतांच झेंडा आला असें समजून चालूं नये. पुढें वाचून दाखविल्याचा, शिरीं धरल्याचा किंवा उत्तर पाठविल्याचा उल्लेख असेल तर तो कागद होय.

अरबांच्या शिबंदीसंबंधीं येणारा ‘बैरख’ हा शब्दहि असाच दुहेरी आहे. तुर्की ‘बैराक’ म्हणजे निशाण. मराठींत मात्र त्या निशाणाखालील तुकडीसच बैरख म्हणूं लागले. ही गोष्ट केवळ आपल्याकडेच घडली असें नाहीं. रोमन फौजेंत ‘वेक्सिल्लुम’ या निशाणावरून सुट्या पथकास ‘वेक्सिल्लातिओ’ हें नांव पडलें. जर्मन पायदळाची तुकडी ‘फेन्लाइन’, म्हणजे शब्दशः लहानसा झेंडा. उस्मानी राज्यांत ‘संजाक’ म्हणजे आधीं निशाण आणि मग तें ज्यास मिळालें त्याचा जिल्हा. आणि मांचू लोकांनीं तर १६१५ पर्यंत आपली सारी जमातच आठ निशाणांत वांटून टाकली होती. तेव्हां ‘इतके बैरख’ असा आंकडा आल्यास तो झेंड्यांचा नसून माणसांच्या तुकड्यांचा समजावा.

आतां जरीपटक्याकडे वळूं. पटका म्हणजे वस्त्र, आणि जरीचा तो जरीपटका. नांवांत गूढ कांहीं नाहीं. राजारामांच्या जिंजीच्या काळांत संताजी घोरपडे यांस सेनापतिपद मिळालें, तेव्हां त्याबरोबर जरीपटका व नौबत यांचा मान दिला गेला, असें ग्रँट डफ लिहितो. छत्रपति शेंकडों कोस दूर किल्ल्यांत अडकलेले, आणि फौज मोकळ्या रानांत मोगलांच्या पाठीवर. अशा वेळीं राजाची सत्ता कोणाच्या हातीं आहे हें कागदावर सांगून भागण्यासारखें नव्हतें. तें शिपायाच्या डोळ्यांस दिसावें लागे. जरीपटक्याचें मर्म यांत आहे. जरीपटका देणें म्हणजे धन्याच्या नांवानें फौज चालविण्याची मुखत्यारी देणें. म्हणून एखाद्या स्वारींत दोन मातबर सरदार असतां पटका कोणापाशीं होता हा शोध क्षुल्लक मानूं नये; वडीलकी आणि मुखत्यारी या दोन गोष्टी नेहमीं एका ठिकाणीं असतच असें नाहीं.

या पटक्याची शेवटची हकीकत चटका लावणारी आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं पेशव्यांची फौज खडकीच्या मैदानावर जाण्यास निघाली, तों जरीपटक्याची काठी मोडली, आणि लोकांनीं तो अपशकुन मानला. पटका मोरदीक्षितांकडे होता. हे दीक्षित आणि दापोडीच्या पलटणीचा कॅप्टन फोर्ड यांचा स्नेह होता, आणि लढाईपूर्वीं दोघांनीं एकमेकांस वचन दिलें होतें कीं, ज्याची सरशी होईल त्यानें दुसऱ्याच्या कुटुंबाचें रक्षण करावें. दीक्षित पडले ते फोर्डच्याच पलटणीच्या तोफेनें. त्याच महिन्याच्या १७ तारखेस शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. तें चढविणारा हात बाळाजीपंत नातूंचा होता, हें महाराष्ट्र विसरलेला नाहीं.

भगव्या झेंड्याविषयीं लिहितांना लेखणी जपून चालवावी लागते. समर्थांच्या झोळींत महाराजांनीं राज्य टाकलें, समर्थांनीं तें परत देऊन भगवें निशाण लावण्यास सांगितलें, ही कथा आपल्या प्रांतीं सर्वतोमुखी आहे. परंतु ती विस्तारानें सांगणारे ग्रंथ समर्थांच्या निर्वाणानंतर बऱ्याच काळानें रचलेले आहेत. डेन्मार्कच्या निशाणाची अशीच कथा आहे. १२१९ त एस्टोनियांतील लढाईंत तें आकाशांतून पडलें असें तेथील लोक सांगतात. लिखित रूपानें ही कथा सोळाव्या शतकांत दिसूं लागते, आणि निशाणाचें जुनें चित्र चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील एका ढालचिन्हांच्या पोथींत मिळतें. कथा उत्तरकालीन ठरली म्हणून निशाण खोटें ठरत नाहीं. तसेंच निशाण जुनें म्हणून कथा खरी ठरत नाहीं. भगव्या वस्त्राचा संन्यासाशीं संबंध आणि वारकऱ्यांच्या दिंडींतील पताका यांचा विचार या कथेवांचूनहि करतां येतो.

रंगांचे अर्थ सांगण्याची हौस तर बहुधा मागाहूनची असते. आपल्या राष्ट्रध्वजाचें उदाहरण अगदीं कागदोपत्रीं सिद्ध आहे. १९२१ त गांधीजींनीं पांढरा, हिरवा व तांबडा असे पट्टे सुचविले, तेव्हां तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर सर्वांचा असा अर्थ होता. १९३१ त काँग्रेसनें तांबड्याच्या जागीं केशरी रंग घेतला, पट्ट्यांचा क्रम बदलला आणि या रंगांस कोणत्याहि जमातीचा अर्थ नाहीं असें ठरवून धैर्य, सत्य, श्रद्धा इत्यादि गुणांकडे ते लावून दिले. २२ जुलै १९४७ रोजीं घटना समितीनें चरख्याच्या जागीं अशोकचक्र घेऊन तो ध्वज मान्य केला. दहा वर्षांच्या आंत अर्थ पालटला, आणि तोहि सर्वांच्या डोळ्यांदेखत! डच लोकांचें निशाण तर याहून मौजेचें. त्यांतील नारिंगी पट्टा सतराव्या शतकांत हळूहळू तांबडा होत गेला, आणि रंग तांबडा, पांढरा व निळा हेंच खरें असें राजाज्ञेनें ठरण्यास १९३७ साल उजाडलें. तेव्हां दोनशें वर्षांपूर्वींचें एखादें भगवें फडकें किती गडद होतें यावर वाद घालणाऱ्यांनीं ऊन, पाऊस व गेरू यांचा विचार आधीं करावा.

शेवटीं संग्राहकांसाठीं चार गोष्टी. जुन्या घराण्यांतून निशाणाचीं वस्त्रें अद्यापि निघतात आणि त्यांबरोबर पानिपतची किंवा खर्ड्याची हकीकतहि निघते. वस्त्र हातीं आल्यास प्रथम शिवण पाहावी. यंत्रानें घातलेली टीप असेल तर तें शिवकाम पेशवाईंतलें नव्हे. रंग कृत्रिम ठरला तर वस्त्र १८५६ च्या अलीकडचें, कारण तसे रंग त्यापूर्वीं नव्हते. खरी जुनी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. ती काळवंडते, तांब्याची नकली जर हिरवट पडते. परंतु वस्त्र नवें निघालें म्हणून घरच्या माणसांस खोटें पाडूं नये. निशाण जीर्ण झालें कीं नवें चढवावें ही चालच होती. अशा वेळीं काठीचा कळस, तिच्या कड्या आणि वस्त्र ओंवण्याची नेफ्याची रुंदी पाहावी, आणि दसऱ्यास पूजा वस्त्राची होते कीं काठीची हें घरांतील वडील माणसास विचारून, ज्या दिवशीं विचारलें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. वस्त्र धुऊं नये, आणि घडीवर घडी घालून पेटींत कोंबूं नये. जर प्रथम घडीवरच तुटते.